चौकातली पाणपोई कोण फोडत होतं?

त्या उन्हाळ्यातली ती पाणपोई माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या आरोपीचा चेहरा कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. पण जिच्यात मुद्देमाल म्हणून आम्ही फुटक्या माठांच्या खापऱ्या जमा केल्या होत्या, ती केस जशीच्या तशी समोर उभी राहते. यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. माणसं याच शहरात राहतात.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. बायको वारली होती, मुलगा नोकरीसाठी परराज्यात. क्वार्टरवर परत जायची मला फारशी घाई नसायची. संध्याकाळची हजेरी झाली, बंदोबस्ताच्या ड्यूट्या लागल्या, तरी मी उगाच फायली चाळत बसायचो. ठाणे अंमलदार बिचारा मनातून म्हणत असेल, साहेब उठत का नाहीत.

ठाण्याच्या हद्दीत एक चौक आहे. त्याच्या एका अंगाला हिंदू वस्ती, दुसऱ्या अंगाला मुस्लिम मोहल्ला. मधला रस्ता काही फार रुंद नाही. एकीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दुसरीकडच्या खिडकीतून दिसतात. एरवी दोन्हीकडची माणसं एकाच भाजीवाल्याशी भावावरून घासाघीस करतात, एकाच गिरणीत दळण टाकतात. मिरवणूक आली की मात्र तोच रस्ता आमच्यासाठी बॅरिकेड लावायची जागा होतो.

त्या वर्षी ऊन तापायला लागलं तेव्हा मोहल्ल्यातल्या एका माणसानं त्या चौकात पाणपोई घातली. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं कमी. चार बांबू, वर बारदान, खाली फळीवर लाल कापड गुंडाळलेले माठ आणि साखळीला बांधलेले स्टीलचे पेले. बाजूला एक पत्र्याची पाटी, उर्दूत आणि मराठीत. तिच्यावर त्याच्या वारलेल्या बायकोचं नाव, तिच्या स्मरणार्थ ही पाणपोई आहे एवढाच मजकूर, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सर्वांसाठी'. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या वस्तीत थंडगार माठ म्हणजे चैन. हमाल, रिक्षावाले, बाजाराला आलेल्या बायका, सगळे तिथं थांबायला लागले.

एका सकाळी माठ फुटलेले दिसले. त्यानं खापऱ्या उचलल्या, नवे माठ आणले. काही दिवसांनी पुन्हा फुटले. त्यानं पुन्हा आणले. तिसऱ्या वेळेला तो ठाण्यात आला. आला म्हणण्यापेक्षा त्याला आणला. मोहल्ल्यातली दहा-पंधरा पोरं त्याच्या मागं उभी होती.

"साहब, माठच तर आहेत," तो हळूच म्हणाला. "नवे ठेवतो मी. तक्रार कशाला?"

"चाचा, तुम्ही चूप बसा," मागचा एक जण म्हणाला. "आज माठ फोडले, उद्या घरं फोडतील."

त्यांनी संशयित म्हणून थेट समोरच्या वस्तीतल्या एका मंडळाच्या पोरांची नावं दिली. मी तक्रार नोंदवून घेतली, जागेचा पंचनामा करवला. चौकातल्या खांबावर कॅमेरा होता, पण पाइपलाइनच्या खोदकामात त्याची वायर तुटलेली. मंडळाच्या पोरांना बोलावून विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. "साहेब, तेच फोडतेत अन् आमच्यावर ढकलतेत." दोन दिवसांत दोन्हीकडच्या मोबाइलांवर असे काही संदेश फिरायला लागले की माठ कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

मग दगडफेक झाली. कुणी सुरू केली ते आजतागायत नीट सिद्ध झालेलं नाही. सवारी घेऊन निघालेल्या मोहल्ल्यातल्या एका रिक्षावाल्याला दगड लागला. भुवईवर खोल जखम. डोळ्याचं काय होईल हे डॉक्टर लगेच सांगायला तयार नव्हते. एका बाजूनं शुक्रवारच्या मोर्चाची हाक दिली, दुसऱ्या बाजूनं त्याला उत्तर द्यायची. वरिष्ठांनी जादा कुमक पाठवली आणि मला फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "मोर्चाच्या आधी आरोपी पाहिजे."

अशा वेळी टीप हमखास येते. पोलिसांना घाई झाली आहे हे खबऱ्यांना आमच्या आधी कळतं. माझ्या एका खबऱ्यानं सांगितलं, मंडळातला अमुक पोरगा पहाटे पहाटे हातात रॉड घेऊन चौकातून जाताना दिसला. आम्ही त्याला घरून उचलला. वीस-बावीस वर्षांचा, तालमीत जाणारा गडी. बाप गंगापूरकडं शेती सोडून इथं वॉचमनची नोकरी करणारा. तो ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला नमस्कार करत राहिला.

पोरगा आधी नाहीच म्हणत होता. "तालमीला जातो साहेब, कुत्रे अंगावर येतेत म्हणून रॉड ठेवतो." मला ते पटण्यासारखं होतं. पण दुपारी त्याचे दोस्त ठाण्यासमोर जमले आणि त्याच्या नावानं घोषणा द्यायला लागले. ते आवाज आत आले, तसा तो खुर्चीत ताठ झाला.

"व्हय, मीच फोडले," तो म्हणाला. "लई झालं त्यायचं. काय करायचं ते करा."

माझे सहायक निरीक्षक लगेच जबाब लिहायला सरसावले. मी त्यांना थांबवलं. घाबरून दिलेला कबुलीजबाब जसा तपासावा लागतो, तसाच ऐटीत दिलेलाही तपासावा लागतो. बाहेर आपल्या नावाचा जयजयकार चाललेला असताना 'मी नव्हतोच' म्हणायला फार मोठी छाती लागते, आणि ती त्या वयात क्वचित असते.

"कसे फोडलेस?" मी विचारलं.

"रॉडनं. एकेक घाव घातला."

"मग पेले?"

"कोणते पेले?"

पंचनाम्याचे फोटो माझ्या टेबलावर होते. ते मी पुन्हा पाहिले. आधीच्या दोन वेळांचे मोहल्ल्यातल्या पोरांनी मोबाइलवर काढलेले फोटोही फायलीत होते. माठ फोडायला दगड वापरला होता. दर वेळी फुटपाथच्या कडेचाच एक दगड खापऱ्यांत पडलेला होता. आणि दर वेळी एक पेला फळीवर नीट पालथा घातलेला होता. बाकीचे पेले साखळीला लोंबकळत असायचे, हा एकटा फळीवर पालथा. पाणपोईवर पाणी पिणारा माणूस पेला तसाच सोडून देतो. विसळून पालथा घालायची सवय घरातली असते, आणि तीही सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातली. म्हणजे जो कुणी माठ फोडत होता, तो आधी त्यातलं पाणी पीत होता.

पोराला मी सोडलं नाही, पण अटकही दाखवली नाही. बापाला आत बोलावून चहा दिला आणि सांगितलं की मुलगा इथं सुरक्षित आहे. पाणपोईवर तोवर नवे माठ आले होतेच. मग आमच्या एका महिला हवालदाराला साध्या वेशात चौकात बसवलं, भाजी निवडायला ओट्यावर बसतात तशी. फुलंब्रीहून रोज येऊन-जाऊन नोकरी करणारी, धीराची बाई. मोर्चाच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता तिचा फोन आला. आवाज चोरटा.

"सर, सापडलं माणूस. म्हातारी बाई आहे."

"धरलं?"

"नाही सर. मी उठूच शकले नाही." "त्या आल्या, पाणी प्याल्या. पेला विसळला. पाटीवरनं हात फिरवला, लेकराच्या तोंडावरनं फिरवावा तसा. मग दगड उचलला अन् माठावर घातला. सर, त्या रडत होत्या. मी मागोमाग त्यांच्या घरापर्यंत आले आहे. तुम्ही या."

हिंदू वस्तीच्या तोंडालाच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्या राहत होत्या. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. एके काळी त्यांच्या घरात भिक्षुकी होती, पुढं दोन पिढ्या नोकऱ्या. नवरा वारलेला. मी गणवेश न घालता, त्या हवालदारबाईंना बरोबर घेऊन गेलो. दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. दार उघडलं आणि त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं.

"पोलीस ना? या," त्या म्हणाल्या. "कुणीतरी येईल असं वाटतच होतं."

फुलांची परडी दाराशी होती, रिकामी. मी नाव-गाव विचारण्याआधीच त्या बोलायला लागल्या. कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं बोलणं नेमकं होतं.

"माठ मीच फोडले. दर वेळी मीच. त्या पाटीवर जिचं नाव आहे ना, ती माझी मुलगी."

चौकशीत असा एक क्षण येतो, तेव्हा अधिकाऱ्यानं तोंड मिटून बसायचं असतं.

"ते नाव तिनं लग्नानंतर घेतलं," त्या म्हणाल्या. "मी ठेवलेलं दुसरं होतं. एकुलती एक. लग्न करून गेली त्या दिवशी आम्ही तिच्या नावानं आंघोळ केली. मिस्टर म्हणाले, मेली आपल्याला. मी डोक्यावरून पाणी घेतलं. रडले नाही. पुढं मिस्टर गेले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली होती. दिरांनी खालूनच परत पाठवलं. मी खिडकीतनं बघत होते. पाठमोरी दिसली फक्त."

"नंतर कधी भेट?"

"नाही. या हिवाळ्यात तो आला होता. एकटाच. भोकातून पाहिलं तर जावई. दार उघडलं नाही मी. बाहेरनं म्हणाला, 'अम्मा, ती दवाखान्यात आहे. तुम्हाला बोलावतेय.' मी टीव्हीचा आवाज मोठा केला." त्यांनी समोरच्या बंद टीव्हीकडं पाहिलं. "थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. मला वाटलं, येईल परत. परत आला तर उघडीन असं ठरवलं होतं मी. तो आला नाही. मग भाजी घेऊन येताना पाटी वाचली. नावाच्या आधी 'मरहूमा' लिहिलेलं. याच शहरात जन्मले आहे मी साहेब, तो शब्द मला कुणी समजावून सांगायला नको. रस्त्यावर उभी राहून मला कळलं की माझी मुलगी गेली."

हवालदारबाई स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आल्या. बाईंनी ते घेतलं नाही.

"जिवंतपणी तिच्या नावानं आंघोळ केली. आता खरंच गेली, तर काय करू? सुतक धरू का? कुणाला सांगू? शेजारी समजतात, मी सकाळी फुलं तोडायला जाते. मी तिथं जाते. पाणी पिते. वाटतं, तिच्या हातचं पितेय. मग ते नाव परत दिसतं आणि अंगाचा भडका उडतो. त्याच्यावर, तिच्यावर, सगळ्या मोहल्ल्यावर. दगड घालून घरी येते, आणि घरी आल्यावर कळतं की दार तर मीच उघडलं नव्हतं. माझ्यात दोन बायका राहतात साहेब. एकीला पाणी प्यायचं असतं, दुसरीला माठ फोडायचा असतो. वीस-बावीस वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

मी त्यांना दगडफेकीबद्दल सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आरडाओरडा ऐकून त्यांनी खिडकी लावून घेतली होती. रिक्षावाल्याच्या डोळ्याचं सांगितलं, आणि त्यांच्याच गल्लीतला एक पोरगा त्यांच्या गुन्ह्याची कबुली देऊन ठाण्यात बसला आहे, तेही सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"त्या मुलाला आधी सोडा. चला, मी येते."

जावयाला मी स्वतः दुकानातून बोलावून घेतलं. माझ्या केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं. त्याला राग येईल, हे मी धरून चाललो होतो. त्यानं खाली मान घालून ऐकलं. शेवटी एकच विचारलं.

"वो पानी पीती थी, साहब? दर वेळी?"

"हो. आधी पाणी प्यायच्या."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढ्या सगळ्या हकिकतीतून त्यानं तेवढंच उचललं होतं. मग त्यानं मला सांगितलं की ती जागा त्यानं का निवडली. त्याची बायको बाजारातून येताना त्या चौकात थांबायची. रस्ता ओलांडायची नाही. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि आईची खिडकी दिसते का बघायची. "मी म्हणायचो, चल ना, जाऊ वर. तर म्हणायची, आई बोलावेल तेव्हा. दोघींची जिद एकसारखी."

आता प्रश्न माझ्यापुढं होता. तो पोरगा निर्दोष आहे एवढं मी जाहीर करू शकत होतो. पण मग फोडले कुणी, हे सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं. आणि सांगितलं तर त्या बाईंचं उरलंसुरलं आयुष्य चव्हाट्यावर येणार होतं. असल्या लग्नांवरून आजकाल किती लवकर आग लागते, हे मला माहीत होतं. मी त्यांना म्हणालो, "बाई, तुमचं नाव न घेता काही करता येतं का बघतो."

"नका बघू," त्या म्हणाल्या. "नाव लपवूनच इथवर आले."

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली शांतता समितीची तातडीची बैठक घेतली. दोन्ही बाजूंचे नेहमीचे सदस्य, मौलवीसाहेब, मंडळाचे पदाधिकारी. एरवी या बैठकीत कोण काय बोलणार हे मला पाठ असायचं. आपला शांतताप्रिय जिल्हा, समाजकंटकांपासून सावध राहा, मग चहा. त्या दिवशी मी प्रास्ताविक केलं नाही. फक्त म्हणालो, "यांना बोलायचं आहे."

त्या उभ्या राहिल्या. खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. मला घरी सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तसंच सांगितलं. आंघोळ सांगितली, टीव्हीचा आवाज मोठा केला तेही सांगितलं. मंडळाचा अध्यक्ष अस्वस्थ होऊन म्हणाला, "काकू, तुमच्यावर कुणी दबाव तर आणला नाही ना? घाबरू नका, आम्ही आहोत."

"दबाव?" त्या त्याच्याकडं वळल्या. "लोक काय म्हणतील हा दबाव होता रे बाबा. त्यात तुझे वडीलही होते, माझे दीरही होते, आणि सगळ्यात जास्त मीच होते. आज पहिल्यांदा तो दबाव नाही."

मोहल्ल्याकडच्या एका तरुणानं आवाज चढवला, "अन् आमच्या रिक्षावाल्याचा डोळा? बोलून भरून येणार का तो?"

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "त्याची माफी मागायला मी दवाखान्यात जाणार आहे. त्यानं हाकलली तर बाहेर बसेन." मग त्या वॉचमनकडं, त्या पोराच्या बापाकडं वळल्या आणि दोन्ही हात जोडले. तो साधा माणूस इतका गडबडला की त्यानंच त्यांच्या पायाला हात लावला.

जावई मागच्या रांगेत बसला होता. मौलवीसाहेबांनी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो उभा राहिला. "माझं काही म्हणणं नाही. अम्मांना घरी सोडायचं आहे. अंधार पडेल, जिना खराब आहे."

शुक्रवारी मोर्चा निघाला नाही. कुणी रद्द झाल्याचं जाहीर केलं नाही, नुसता निघाला नाही. दोन्हीकडच्या पोरांना कुणाविरुद्ध निघायचं तेच सापडेना. त्या पोराला बैठकीनंतर लगेच बापाबरोबर घरी पाठवलं होतं. मी रीतसर सगळी नोंद केली. बाईंवर माठ फोडल्याचा गुन्हा लागला आणि पुढं फिर्यादीच्या संमतीनं न्यायालयात तडजोड झाली. दगडफेकीचा गुन्हा वेगळा होता, तो वेगळाच चालला. रिक्षावाल्याचा डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्याच्या बायकोनं त्यांना स्टूल दिलं. तेवढंच झालं. सगळ्यांनी सगळं माफ केलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

काही दिवसांनी जावयाचा फोन आला. अम्मांना कब्रस्तानात जायचं आहे. तिथं बायका सहसा आत जात नाहीत, पण त्यानं मोठ्यांशी बोलून परवानगी घेतली होती. गर्दी नसताना, सकाळी. मी यावं अशी बाईंची इच्छा होती. मी साध्या कपड्यांत गेलो आणि फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली थांबलो. ते दोघं मातीच्या एका उंचवट्यापाशी गेले. त्यांनी त्याला विचारलं, "डोकं कुणीकडं?" त्यानं दाखवलं. त्या तिथं खाली बसल्या, मातीवर हात ठेवला आणि मुलीला घरातल्या नावानं हाक मारली. लहान मुलीला जेवायला बोलावतात तशी. मग इतकी वर्षं न आलेलं रडू आलं. तो थोडा लांब उभा होता. मी दुसरीकडं बघत राहिलो. नोकरीत मी माणसांना रडताना फार पाहिलं, पण तिथं बघत उभं राहायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्या दिवशी वाटलं.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. रविवार होता. जावई तिथंच होता. दर रविवारी येतो म्हणाला. सुरुवातीला दोघांना बोलायला काही नसायचं. मग त्यानं विचारलं, ती लहानपणी कशी होती? त्या सांगायला लागल्या. कन्नडला मामाकडं गेली की विहिरीच्या काठावरून हलायची नाही, पावसात भिजून हमखास ताप आणायची. मग त्यांनी विचारलं, नंतर कशी होती? तो सांगायला लागला. पुरणपोळी करायची, पण ईदलाच. मुलीचं अर्धं आयुष्य यांच्याकडं होतं, उरलेलं त्याच्याकडं. दोघांनाही पूर्ण माणूस कधी मिळाला नव्हता. मी बसलो असतानाही ते तिच्या कुठल्याशा जुन्या चपलेवरून हसत होते. मला त्यातलं फारसं कळलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "साहेब, एकटेच असता ना? येत जा." मी अधूनमधून जातो.

त्या चौकात सणासुदीला अजूनही बॅरिकेड लागतात. शहर एका बाईच्या रडण्यानं बदलत नाही. पण पुढच्या वर्षी, मी अजून नोकरीत असतानाच, तिथं अशीच एक अफवा उठली, तेव्हा ठाण्यात पहिला फोन आला तो त्या तालमीतल्या पोराचा. "साहेब, इथं लोक जमायलेत. खरं काय ते आधी बघा, मंग आम्ही पांगवतो." ज्या पोरानं टाळ्यांसाठी न केलेला गुन्हा अंगावर घेतला होता, त्याचाच तो आवाज होता.

तीस-पस्तीस वर्षं मी दोन गटांच्या मध्ये काठी आणि ढाल घेऊन उभा राहिलो. ते काम लागतंच, त्याला मी कमी लेखत नाही. पण समोरून जो दगड येतो, तो बऱ्याचदा आधी त्या माणसाच्या घरात कुणावर तरी उगारलेला असतो, आणि ते कुणीतरी पुष्कळदा तो स्वतःच असतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्या बाईंनी आधी स्वतःतल्या दोघींची गाठ घालून दिली, मग त्यांना रस्ता ओलांडता आला. त्याआधी आमच्या कुठल्याही बैठकीचा त्यांना उपयोग झाला नसता.

नवे अधिकारी कधी भेटायला येतात, अनुभव विचारतात. मी त्यांना सांगतो, तावातावानं पलीकडच्या वस्तीबद्दल बोलणारा माणूस समोर आला की त्याचा जबाब घ्या, सगळे रीतसर प्रश्न विचारा. मग पेन खाली ठेवून एक प्रश्न जास्तीचा विचारा. घरात तुम्ही कुणाशी बोलत नाही? पुष्कळ जण त्या प्रश्नाला गप्प होतात. तेव्हा लगेच उठू नका.